बेळगावच्या पावसात टिकणारी गच्चीवरची भाजी : ओल्या कचऱ्यापासून स्वतःच्या बियाण्यापर्यंतचा क्रम

बेळगावात गच्चीवर भाजी करणारे बहुतेक जण जूनमध्ये सुरुवात करतात. मृगाचा पाऊस पडून हवा गार झाली की रोपवाटिकांत गर्दी होते. कुंड्या, मातीची पोती, टोमॅटो-वांग्याची रोपं घरी येतात आणि त्याच आठवड्यात ओल्या कचऱ्याचा ड्रमही सुरू होतो. जुलैत तरणा पाऊस लागला की ड्रममध्ये चिखल होतो, वास सुटतो, अळ्या भिंतीवर चढतात, शेजारी तक्रार करतात. रोपांची मुळं कुजतात. ऑगस्टपर्यंत ड्रम बंद झालेला असतो आणि कचरा पुन्हा घंटागाडीतून तुरमुरीच्या कचरा डेपोला जाऊ लागलेला असतो.

चूक क्रमाची आहे. ओल्या कचऱ्याचं खत, खतावर भाजी, भाजीच्या देठा-पानांचं पुन्हा खत आणि त्यातूनच पुढचं बी, हे चक्र आपल्या हवेत फेब्रुवारीत सुरू करावं लागतं. त्यासाठी आधी जमवायचा तो सुका पाला. रोपं सगळ्यात शेवटी आणायची. पुढचे टप्पे याच क्रमाने करा. खानापूर भागात पाऊस जास्त, तिथे आडोशाची सोय दुप्पट करा. निपाणी-चिकोडीकडे पाऊस कमी, तिथे उन्हाळ्यातल्या पाण्याकडे जास्त लक्ष द्या.

## टप्पा १ : सुका पाला साठवा (फेब्रुवारी ते एप्रिल)

कॅम्प, टिळकवाडी, हिंदवाडीत जुन्या झाडांची पानगळ याच दिवसांत होते. सकाळी रस्त्याकडेला ढीग लागतात आणि काडी ओढली जाते. जुलैत आपला ड्रम ज्याच्यावाचून सडतो तोच माल मार्चमध्ये डोळ्यांदेखत धूर होऊन जातो, याचं मला फार वाईट वाटतं. झाडलोट करणाऱ्या बाईंना आदल्या दिवशी सांगून ठेवा : ‘मावशी, पेटवू नका, सकाळी पोती घेऊन येतो.’ त्यांचंही काम हलकं होतं.

किती पाला लागेल याचा हिशोब आधी करा. चार माणसांच्या घरात रोज साधारण एक किलो ओला कचरा निघतो. भाजीच्या सालीत जवळपास ८० टक्के पाणी असतं. ढिगातला ओलावा ६० टक्क्यांपर्यंत खाली आणायचा तर एक किलो ओल्याला साधारण ४०० ग्रॅम कोरडा पाला घालावा लागतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी या प्रमाणाने ४८ किलो होतो, पण पावसात प्रमाण वाढवावं लागतं (टप्पा ४ पाहा), म्हणून साठ-पासष्ट किलो धरा. चुरून दाबून भरलं तर एका पोत्यात पाच-सहा किलो मावतो, म्हणजे दहा ते तेरा पोती हवीत. मार्च ते मे ड्रम चालवायला लागणारी सहा-सात पोती वेगळी. आकडा मोठा वाटेल, पण पाला फुकट आहे आणि पानगळीच्या दिवसांत दोन-तीन रविवारी सकाळी गेलात तर एवढा जमतो.

आंबा, फणस, जांभूळ, पिंपळ या सगळ्यांची पानं चालतात. रेन ट्रीची बारीक पानं सगळ्यात लवकर कुजतात. सागाची पानं चुरल्याशिवाय घालू नका, ती थर बांधून हवा अडवतात. निलगिरीची पानं टाळा. पाला दोन दिवस उन्हात पसरा, पायाने चुरा, पोत्यात भरा आणि जिन्याखाली किंवा पत्र्याखाली विटांवर ठेवा. जमिनीला टेकलेलं पोतं पावसाळ्यात खालून ओल धरतं.

पाला कमी पडला तर भाताच्या गिरणीतलं तूस घ्या. ते कुजायला वेळ लावतं, पण हवा खेळती ठेवतं. पाल्यात चौथाईपर्यंत मिसळा. उन्हाळ्यात रसवंतीवर उसाची चिपाडं मिळतात. ती बारीक तोडून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर गोडीमुळे मुंग्या लागतात. करवतीचा भुसा साध्या लाकडाचा असेल तरच घ्या आणि थोडाच घ्या. प्लायवूडच्या भुशात डिंक-रसायनं असतात.

सावधान : आपल्या भागात सहज मिळणाऱ्या दोन गोष्टी ड्रममध्ये टाकू नका. एक, काजू कारखान्यातली टरफलं. त्यांतलं तेल कातडी भाजणारं असतं. दोन, निपाणीकडची तंबाखूची भुकटी आणि काड्या. तंबाखू, टोमॅटो, मिरची आणि वांगं एकाच कुळातली. तंबाखूचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही टिकून राहतो आणि टोमॅटो-मिरचीला लागतो. याच कारणाने तंबाखू मळलेल्या हाताने या रोपांना हात लावू नये. आधी साबणाने हात धुवावेत.

## टप्पा २ : गच्ची तपासा (मार्च)

ओली माती जड असते. बारा इंच लांब-रुंद-उंच लागवडीची पिशवी माती-खताच्या मिश्रणाने भरली आणि पावसात भिजली की २५ ते ३० किलोंची होते. राहत्या घराची वापरातली गच्ची सर्वसाधारणपणे दर चौरस मीटरला १५० किलो जादा भार धरून बांधलेली असते, आणि त्या हिशोबात तिच्यावर वावरणारी माणसंही येतात. म्हणून पिशव्या मधोमध एकत्र ठेवू नका. भिंतींच्या आणि तुळयांच्या रेषेवर, एकेरी ओळीत ठेवा. शहापूर, वडगाव, खासबागेतल्या जुन्या घरांवर नंतर चढवलेला स्लॅब असेल तर बांधकामाच्या जाणकाराला दाखवल्याशिवाय दहा-बारा पिशव्यांच्या पुढे जाऊ नका. कौलारू घर असेल तर परड्यात करा. परड्यात उंदीर-घुशींचा त्रास जास्त, म्हणून ड्रमच्या झाकणावर दगड हवाच.

तपासणी : गच्चीवर दोन बादल्या पाणी ओता. दहा मिनिटांत सगळं निघून गेलं पाहिजे. कुठे डबकं राहत असेल तर तिथे काही ठेवू नका, आणि पाणी जाणाऱ्या प्रत्येक तोंडाला आत्ताच जाळी बसवा. स्लॅब गळायला लागला की घरातले आधी बाग काढायला सांगतात.

## टप्पा ३ : ड्रम सुरू करा (मार्चमध्येच)

एकच ड्रम घेणं ही फार जणांची चूक. रोज वरून ताजा कचरा पडत राहिला तर खालचं खत काढायचं कधी? ५०-६० लिटरचे तीन घ्या. एक भरत असतो, दुसरा भरून मुरत असतो आणि तिसऱ्यातलं खत वापरात असतं. चारजणांच्या घरात एक ड्रम भरायला सव्वा ते दीड महिना लागतो. खानापूरची मातीची भांडी जवळच मिळतात. माती हवा घेते, त्यामुळे मोठे रांजण असतील तर उत्तमच. प्लास्टिकच्या ड्रमला बाजूने चार-चार इंचांवर करंगळी जाईल न जाईल एवढी भोकं पाडा, तळाला सहा-सात पाडा. ड्रम विटांवर ठेवा, खाली परात ठेवा. जागा सावलीची आणि पागोळीपासून दूरची हवी.

भरायचा क्रम :

१. तळाला तीन इंच काड्या, नारळाच्या शेंड्या किंवा मक्याची बुरकुंडं.

२. त्यावर वीतभर चुरलेला पाला.

३. ओंजळभर जुनं खत किंवा शेणाचं दाट पाणी. विकतचं विरजण नसलं तरी अडत नाही. आंबट ताक शिंपडलं तरी चालतं, पण वाटीभरच.

४. रोजचा ओला कचरा. कोबीचे दांडे, केळीच्या साली, फणसाची चारखंडं बोटाच्या पेराएवढी चिरूनच टाका. अख्खा दांडा तीन महिन्यांनीही तसाच सापडतो.

५. लगेच त्यावर पाला, खालचा कचरा दिसेनासा होईपर्यंत.

चौथं आणि पाचवं काम एकाच वेळी व्हायला हवं. ‘पाला संध्याकाळी टाकू’ म्हटलं की तेवढ्या वेळात माश्या अंडी घालून जातात. म्हणून पाल्याचा डबा आणि मापाचा मग ड्रमशेजारीच ठेवा. घरातला जो कोणी कचरा टाकेल त्याने पालाही टाकायचा, हा नियम पहिल्या दिवशीच लावा.

मटण-मासळी, हाडं, तेलकट रस्सा आणि दूध-दही ड्रममध्ये नको. उरलेला भात पाणी निथळून मूठभर. लिंबू-मोसंबीच्या साली थोड्या. चहाची पत्ती धुऊन. रोगट झाडाचा कुठलाही भाग नको. घरातला लहान ड्रम मोठ्या ढिगाइतका तापत नाही, त्यामुळे रोगाचे जंतू आणि बिया त्यात मरत नाहीत. खत घातलेल्या कुंडीत टोमॅटो-भोपळ्याची रोपं आपोआप उगवतात ती म्हणूनच.

दर आठ दिवसांनी खालवर हलवा.

## टप्पा ४ : पावसातला ड्रम (जून ते सप्टेंबर)

इथेच बहुतेकांचा ड्रम बंद पडतो. पावसाळ्यात हवाच ओली असते, ड्रममधलं पाणी उडून जात नाही. मेपर्यंत चाललेलं प्रमाण जुलैत पुरत नाही. मृग लागला की पाला सव्वापट करा, तरण्या-म्हाताऱ्या पावसाच्या झडीत दीडपट. पोती कमी पडतील असं दिसलं तर पुठ्ठ्याचे खोके फाडून घाला, चिकटपट्टी काढून.

मुठीची तपासणी : दर रविवारी ड्रमच्या मधला भाग हातात घ्या, वरचा नको. मूठ घट्ट आवळा. बोटांच्या फटीत ओल चकाकली, फार तर एखादा थेंब आला, आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकून बोट लावताच फुटला, तर ओलावा बरोबर आहे. पाण्याची धार लागली तर एका पोत्याचा तिसरा हिस्सा पाला घालून तळापर्यंत हलवा. गोळाच झाला नाही तर कोरडं आहे, थोडं पाणी शिंपडा. जुलैत असं क्वचितच होतं, मेमध्ये हमखास.

बिघाड वासावरून ओळखा. कुजक्या अंड्याचा वास म्हणजे तळाला पाणी साचून हवा बंद झाली आहे. तळाची भोकं काडीने मोकळी करा, सगळं एकदा बाहेर काढून पाल्यासकट परत भरा. नाकात झोंबणारा, मुतारीसारखा वास म्हणजे पाल्याच्या मानाने ओला कचरा जास्त झाला. तिथे पाला हाच उपाय. चुना टाकू नका, त्याने तो वास आणखी वाढतो.

राखाडी, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या दिसल्या की लोक घाबरून ड्रमवर औषध फवारतात. या सैनिक माशीच्या अळ्या असतात. त्या कचरा भराभर खातात आणि त्यांची माशी घरातल्या माशीसारखी अन्नावर बसत नाही. संख्या फार झाली तर पाला वाढवा, कोरडं झालं की त्या निघून जातात. ज्या ड्रमचं खत भाजीला जाणार त्यात कीटकनाशक मारू नका.

ड्रमवर पत्रा किंवा ताडपत्रीचा उतार करा, पण तोंड आणि आच्छादन यांत वीतभर मोकळी जागा ठेवा. प्लास्टिक घट्ट बांधलं की आतलीच वाफ थेंब होऊन परत पडते.

गणपतीच्या दिवसांत निर्माल्य एकदम येतं. दोरे, जरी, थर्माकोल, प्लास्टिकची फुलं वेचून काढा. दूर्वा आणि फुलं दिवसभर कागदावर पसरून सुकवा, मग रोज थोडी थोडी ड्रममध्ये घाला. गल्लीतल्या मंडळाचं निर्माल्य घ्यायचं असेल तर त्यासाठी वेगळा ड्रम आणि तीन-चार पोती पाला मेमध्येच बाजूला काढून ठेवा.

## टप्पा ५ : खत तयार झालं का?

ड्रम भरल्यावर दोन ते अडीच महिने मुरू द्या. पावसाळ्यात तीन. मार्चच्या सुरुवातीला लावलेला ड्रम एप्रिलच्या मध्यापर्यंत भरतो आणि त्याचं खत जूनच्या अखेरीस हाती येतं. घाईने काढलेलं अर्धकच्चं खत कुंडीत गेलं की ते तिथे कुजायला लागतं, मातीतलं नत्र ओढून घेतं आणि रोप पिवळं पडतं. मग लोक युरिया टाकतात.

दोन तपासण्या : मूठभर खत ओलसर करून पिशवीत घट्ट बांधा, चार दिवसांनी उघडा. पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास आला तर झालं. आंबूस वास आला तर आणखी तीन आठवडे थांबा. दुसरी, वाटीभर खतात तितकीच माती मिसळून दहा मेथीदाणे पेरा. शेजारी नुसत्या मातीत दहा पेरा. खताच्या वाटीत उगवण कमी दिसली तर खत कच्चं आहे.

तयार खत भोकांच्या चाळणीने चाळा. वर राहिलेल्या काड्या नव्या ड्रमच्या तळाला जातात.

परातीत जमणारं काळं पाणी दहापट पाण्यात मिसळून फक्त फुलझाडांच्या बुंध्याला द्या. पालेभाजीवर ते शिंपडू नका.

## टप्पा ६ : पिशव्या भरा

शहराच्या पश्चिमेची तांबडी माती पाण्याचा निचरा चांगला करते पण लवकर उपाशी पडते. पूर्वेची, बैलहोंगलकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि कुंडीत तडे देते. तांबडी असेल तर दोन भाग माती, दोन भाग खत, एक भाग तूस. काळी असेल तर एक भाग माती, दोन भाग खत, दोन भाग तूस आणि थोडी जाड वाळू. बारा इंची पिशवीला दोन मुठी निंबोळी पेंड घाला. राख चिमूटभरच पुरते.

साखर कारखान्याची मळी (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) स्वस्तात मिळते म्हणून ताजी आणून भरू नका. ती तापते आणि मुळं भाजतात. आणलीच तर पाल्यात मिसळून तीन-चार महिने कुजवा.

पिशवी काठोकाठ भरू नका, दोन इंच मोकळी ठेवा. खाली दोन विटा, मधे फट. भोकं स्लॅबवर टेकली तर जुलैत पिशवीची टाकी होते.

## टप्पा ७ : काय, केव्हा लावायचं

जूनमध्ये टोमॅटो लावण्याचा मोह सोडा. उघड्या गच्चीवर झडीच्या पावसात तो करप्याने जातो. पहिलं खतही जूनअखेरीस येतं, तेव्हा पहिल्या वर्षी जूनची लागवड ओळखीच्याकडून आणलेल्या खतावर दोन-तीन पिशव्यांतच करा.

वळीव पडून गेल्यावर, मेअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात वेल लावा : दोडका, काकडी, कारलं. मांडव नैऋत्येच्या वाऱ्याला टिकेल असा, कठड्याला तारेने बांधलेला हवा. भेंडीचं बी रात्रभर भिजवून याच वेळी लावता येतं. जुलै-ऑगस्टमध्ये आडोशाला अळू आणि अंबाडी. मेथी-कोथिंबीर उघड्यावर पेरू नका, थेंबांच्या माऱ्याने आडवी पडते.

टोमॅटो, वांगी, कोबी, नवलकोल यांची रोपं ऑगस्टअखेर आडोशाला तयार करा आणि पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेर लावा. ऑक्टोबर ते जानेवारी बेळगावची थंडी पालेभाजीला सोन्यासारखी : मेथी, शेपू, कोथिंबीर, चाकवत, मुळा, गाजर. दर पंधरा दिवसांनी एक पिशवी पेरा, सगळ्या एकदम नकोत. धने हलके रगडून दोन फाके करून पेरा. फेब्रुवारीत गवार, भेंडी आणि पोकळा.

माव्यासाठी लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा साबण घोटून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. पावसातल्या गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन हातानेच वेचाव्या लागतात. मीठ टाकलं तर ते मातीत उतरतं. तंबाखूचा काढा फवारायला सांगणारे भेटतील. निकोटिन माणसाला आणि मधमाशीला दोघांनाही विषारी आहे, खायच्या भाजीवर तो नको.

## टप्पा ८ : उन्हाळ्याचं पाणी

तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी थेट कुंडीत घालता येतं. अंघोळीचं पाणी साध्या साबणाचं असेल तर वेल आणि फळभाजीच्या बुंध्याला त्याच दिवशी द्या. कच्च्या खायच्या पालेभाजीला, मुळा-गाजराला ते नको. साठवूनही ठेवू नका, दिवसात वास मारतं. कपडे धुण्याच्या पावडरीतला सोडियम माती बिघडवतो, ते पाणी बागेत येऊच देऊ नका. पिशवीवर दोन इंच पाल्याचं आच्छादन घातलं तर पाणी बरंच कमी लागतं. त्यासाठी पाल्याचं एक पोतं वेगळं ठेवा.

## टप्पा ९ : झाड संपल्यावर

उपटू नका. बुंध्याशी कापा, मुळं मातीत राहू द्या. निरोगी देठ-पानं चिरून ड्रममध्ये टाका. पिशवीतली माती पसरून एक दिवस उन्हात तापवा, चौथाई नवीन खत मिसळा आणि दुसऱ्या कुळातलं पीक घ्या. टोमॅटोनंतर वांगं किंवा मिरची नको, घेवडा किंवा मेथी घ्या.

बी धरायचं असेल तर पहिलं निरोगी, जोमदार झाड त्यासाठी सोडा. उरलंसुरलं, शेवटचं फळ बियाण्याला ठेवण्याची सवय वाईट. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढचं झाड तसंच येईल याची खात्री नसते, म्हणून सुरुवात गावरान वाणाने करा. घेवडा, वाल, मेथी आणि टोमॅटो सोपे. दोडका-काकडीत शेजारच्या गच्चीवरच्या दुसऱ्या वाणाचा पराग येऊ शकतो. बियाण्याचं मादी फूल आदल्या संध्याकाळी कागदी पिशवीने झाका आणि उमललं की त्याच वाणाच्या, तसंच झाकून ठेवलेल्या नर फुलाने हाताने परागीकरण करून परत झाका.

टोमॅटोचा गर वाटीत दोन-तीन दिवस आंबवा, बियांवरचा बुळबुळीत थर सुटला की धुऊन सावलीत वाळवा. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडी राख घालून ठेवा आणि बाटलीवर वाण, महिना, वर्ष लिहा. पेरणीआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळा. मेथी चार दिवसांत, टोमॅटो आठ-दहा दिवसांत मोड दाखवतो. सात किंवा जास्त उगवल्या तर नेहमीसारखं पेरा, पाच-सहा उगवल्या तर दाट पेरा, त्याहून कमी असतील तर ती बाटली बाद करून ओळखीच्याकडून ताजं बी मागून आणा.